दांडिया बझारमधील जुन्या वाड्याला धोकादायक इमारतीची (कलम २६४ ची) नोटीस: पाडणे हाच एक मार्ग आहे का?

प्रश्न: दांडियाबझारची लेक

नमस्कार. बडोद्यातील जाणकारांचा सल्ला हवा आहे, म्हणून सविस्तर लिहिते. लांबीबद्दल आधीच क्षमा मागते.

दांडिया बझारच्या एका आतल्या गल्लीत आमचा तीन मजली वाडा आहे. आमचे पणजोबा तिसऱ्या सयाजीराव महाराजांच्या काळात नोकरीनिमित्त साताऱ्याकडून इकडे आले आणि त्यांनी हा वाडा विकत घेतला. खरेदीखत घरात आहे, पण वाडा मुळात कधी बांधला याची नोंद कोठेही नाही. विटांच्या जाड भिंती, चुन्याचा गिलावा, सागाचे खांब, तुळया आणि कडीपाट, आणि वर पत्रे, असे त्याचे स्वरूप आहे. पहिल्या मजल्यावर माझी ७६ वर्षांची आई एकटी राहते. तळमजल्यावर रस्त्याच्या अंगाला शिलाई यंत्रे दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थांचे दुकान आहे आणि मागच्या दोन खोल्यांत एक कुटुंब राहते. दोघेही जुने पागडीचे भाडेकरू आहेत. मालकी चार वारसांत वाटली गेली आहे: माझी आई, पुण्याचे काका, नाशिकच्या आत्या आणि परदेशात असलेला एक चुलत भाऊ.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीला पूर आला, तेव्हा मागच्या गल्लीत दोन दिवस पाणी साचून राहिले होते. त्यानंतर मागची भिंत मधोमध फुगल्यासारखी दिसू लागली आणि तिसऱ्या मजल्याच्या कोपऱ्यात एक उभी भेग पडली. या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर सेवासदनाच्या, म्हणजे बडोदे महानगरपालिकेच्या, निर्भयता शाखेची नोटीस दारावर लागली. मजकूर गुजरातीत असून त्याचा आशय असा की मकान जर्जरित व भयजनक असल्यामुळे ते उतरवून घ्यावे, सुरक्षित करावे अथवा दुरुस्त करावे, अन्यथा होणाऱ्या हानीची जबाबदारी मालक व कब्जेदार यांची राहील.

आता घरात तीन मते झाली आहेत. काकांच्या मते ही नोटीस म्हणजे चालून आलेली संधी आहे: पाडू द्यावे, भाडेकरू आपोआप जातील, मग बिल्डरशी बोलता येईल. भाडेकरूंना वाटते की नोटीस आम्हीच आणवली. आई म्हणते, "दर पावसाळ्याआधी या गल्लीत कोणाच्या तरी दारावर हा कागद चिकटतो, म्हणून कोणी घर सोडून गेलेले मी पाहिले नाही." तिचे हे निर्धास्तपणच मला सर्वांत भीतीदायक वाटते.

आणखी एक अडचण आहे. डाव्या बाजूचे घर कित्येक वर्षे बंद आहे. त्याचे छप्पर आत कोसळले आहे, भिंतीतून पिंपळ वर आला आहे, आत पावसाचे पाणी साचते आणि येणारे-जाणारे त्यात कचरा फेकतात. उंदीर, डास आणि पारवे यांचा त्रास आमच्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचला आहे. त्या घराची आणि आमची मधली भिंत सामाईक आहे.

पालिका अशा इमारतींच्या बाबतीत नेमके काय करते आणि काय करू शकत नाही, हे मला समजून घ्यायचे आहे.

उत्तर: ओळंबा

मी पस्तीस वर्षे खासगी स्ट्रक्चरल सल्लागार म्हणून काम केले आणि आता निवृत्त आहे. शहरातल्या पोळांमधली (जुन्या गल्ली-वस्त्यांमधली) आणि वाड्यांमधली बरीच घरे आतून पाहिली आहेत. लेकबाई, आपण नोटिशीचा जो आशय दिला आहे त्यातच आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे. फक्त ती वाचणारा प्रत्येक जण पहिल्याच क्रियापदाशी थांबतो.

गुजरात प्रांतिक महानगरपालिका अधिनियम, १९४९ याच्या कलम २६४ नुसार एखादी वास्तू मोडकळीस आली आहे, पडण्याच्या बेतात आहे किंवा तीत राहणाऱ्यांस, येणाऱ्यांस अथवा जवळून जाणाऱ्यांस धोकादायक आहे असे आयुक्तांना दिसले, तर ते मालकास किंवा कब्जेदारास लेखी नोटीस देऊन ती पाडण्यास, सुरक्षित करण्यास, काढून टाकण्यास किंवा दुरुस्त करण्यास सांगू शकतात. ही क्रियापदे "किंवा" या शब्दाने जोडलेली आहेत. आपल्या नोटिशीत केवळ "पाडा" असा निश्चित आदेश नसेल, तर कोणता पर्याय घ्यायचा हे प्रथम आपण ठरवायचे आहे आणि तो पर्याय तांत्रिकदृष्ट्या टिकतो हे कागदावर दाखवायचे आहे. काहीही न करणे हा मात्र त्या यादीतला पर्याय नाही. धोका तातडीचा दिसला, तर मुदत संपण्याची वाट न पाहता पालिका स्वतः कुंपण घालू शकते, टेकू लावू शकते किंवा धोकादायक भाग उतरवू शकते आणि त्याचा खर्च मालकाकडून वसूल करू शकते. इमारत रिकामी करवून घेण्याचा अधिकार कलम २६८ मध्ये वेगळा आहे. त्या टप्प्यावर सहसा नळ, ड्रेनेज आणि वीज तोडली जाते, कारण पाणी आणि दिवा असेपर्यंत माणसे घर सोडत नाहीत, हे सर्वांना ठाऊक आहे.

आपल्या मातोश्रींचे निरीक्षण खरे आहे, पण त्यांनी काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. पावसाळ्याआधीची पाहणी ही मुख्यतः बाहेरून, रस्त्यावरून केलेली असते. त्यामुळे नोटीस लागलेली काही घरे आणखी वीस वर्षे उभी राहतात, आणि नोटीस न लागलेले एखादे घर पडते. वय हा तर खात्रीचा निकष नाहीच. २८ ऑगस्ट २०१३ च्या पहाटे अटलादऱ्यातील माधवनगरमध्ये तीन मजली इमारती कोसळून ११ जण दगावले, आणि त्या इमारती आपल्या वाड्याच्या मानाने कालच्या म्हणाव्यात अशा होत्या.

आता भिंतीविषयी. जुन्या जाड भिंती बहुधा दोन पदरांच्या असतात: बाहेर आणि आत नीट रचलेल्या विटा आणि मधे तुकडे व माती यांचे भरण. पाणी आत शिरले की भरण बसते, पदर एकमेकांपासून सुटतात आणि बाहेरचा पदर फुगतो. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. तुळईचे जे टोक भिंतीत रुतलेले असते ते ओलीने कुजते किंवा वाळवी त्याला पोखरते, आणि मग मजल्याने भिंतीला धरून ठेवलेले असते ती पकडच सुटते. खोलीत उभे राहून पाहिले तर तुळई धडधाकट दिसते, खरा प्रकार भिंतीच्या आतल्या वीतभर लाकडात असतो. तेथे एक साधा स्क्रूड्रायव्हर टोचून पाहावा. तो लोण्यात जावा तसा गेला तर त्या खोलीत कोणी झोपू नये. खांबाखालचा तळखडा खचला आहे का, तेही पाहावे. भेगेवर काचेची एक पट्टी चुन्याने किंवा प्लास्टर ऑफ पॅरिसने पक्की बसवून तिच्यावर तारीख लिहावी. पट्टी तडकली तर भेग अजून चालू आहे, एरवी ती जुनी आणि स्थिरावलेली असू शकते. फुगवटा किती आहे ते ओळंबा सोडून मोजावे आणि दर पंधरा दिवसांनी वहीत लिहून ठेवावे.

एक सावधगिरीची सूचना. हल्ली काही जण अशा घरातही रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासॉनिक चाचणीचे दरपत्रक देतात. त्या चाचण्या काँक्रीटसाठी आहेत. वीट, चुना आणि साग यांच्या घराला त्यांचा उपयोग नाही. तेथे डोळा, ओळंबा आणि लाकूड टोचून पाहणारा माणूस लागतो. सेवासदनाकडे नोंदणी असलेला आणि जुन्या बांधकामाची सवय असलेला अभियंता शोधा. कलाभवनातील, म्हणजे महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखेतील, अप्लाइड मेकॅनिक्स विभागात चौकशी करण्यासही हरकत नाही.

तोवर आईंची खोली मागच्या भिंतीपासून पुढच्या बाजूला हलवा आणि मागच्या दोन खोल्यांतील कुटुंबालाही तेथे झोपू देऊ नका. वरच्या मजल्यावर पाण्याची टाकी असेल तर ती आजच खाली आणा. ५०० लिटरची भरलेली टाकी म्हणजे अर्धा टन वजन. मजल्याखाली लोखंडी टेके लावून घ्या, पण तळमजल्याची जमीन त्यांचा भार पेलते का ते आधी पाहा. आणि कोणी कितीही आग्रह केला तरी फुगलेल्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा मारू नका. आतली ओल बाहेर पडण्याची वाट त्याने बंद होते, आणि भिंत वरून ठणठणीत दिसत असताना आतून कुजत राहते.

उत्तर: ठाणे ते बडोदे

ओळंबाकाका, आमच्याकडे महाराष्ट्रात इमारती सी-१, सी-२ए, सी-२बी आणि सी-३ अशा वर्गांत विभागतात आणि सी-१ आली की घर रिकामे करून पाडावेच लागते. ताईंच्या वाड्याचा वर्ग कोणता, हे आधी विचारून घेतले तर सगळेच सोपे होईल, असे मला वाटते.

उत्तर: ओळंबा

ती वर्गवारी महाराष्ट्रातील आहे. महाराष्ट्र आणि गुजरात या दोन्ही राज्यांतील महानगरपालिकांचा कायदा मूळ मुंबई प्रांतिक कायद्यातूनच आला असल्यामुळे कलमांचे क्रमांक जुळतात, आणि म्हणूनच असा गोंधळ होतो. बडोद्याच्या नोटिशीला उत्तर देताना सी-१ वगैरे शब्द वापरू नयेत. आपल्याकडे प्रश्न एवढाच विचारला जातो की वास्तू धोकादायक आहे का आणि तो धोका कोणत्या उपायाने दूर होईल.

उत्तर: स्मॉल कॉजची पायरी

मी वकील आहे आणि माझे बरेचसे काम भाडेकरू व मालक यांच्या दाव्यांचे आहे. येथे लिहितो ते सर्वसाधारण स्वरूपाचे आहे. कागद पाहिल्याशिवाय नेमका सल्ला देता येत नाही.

प्रथम आपल्या काकांच्या समजुतीविषयी, कारण ती फार पसरलेली आहे आणि तिच्यामुळे माणसे दुरुस्ती टाळून घर पडण्याची वाट पाहतात. पालिकेची नोटीस मालकी ठरवत नाही आणि भाडेकरार संपवतही नाही. सांगली-मिरजेकडील एका प्रकरणात पालिकेने इमारत पाडल्यानंतर भाडेकरूचा हक्क उरतो की नाही, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींपुढे आला होता. जुलै २०१४ च्या त्या निकालात न्यायालयाने सांगितले की वरचे बांधकाम नष्ट झाले म्हणून भाडेकरार आपोआप संपत नाही, कारण भाड्याने दिलेल्या वास्तूत तिच्याखालची जमीनही येते. तेव्हा वाडा पाडून भाडेकरू गेले असे समजून बिल्डरशी करार करणारा मालक बहुधा बिल्डरलाही दाव्यात ओढतो.

गुजरातमध्ये अजून १९४७ चा जुना भाडे कायदा लागू आहे. त्याच्या कलम १३ मध्ये ताबा मागण्याची कारणे दिलेली आहेत आणि त्यांत तीन वेगवेगळ्या गोष्टी येतात: जागा रिकामी केल्याशिवाय करता न येणारी दुरुस्ती, पाडून नवे बांधणे, आणि स्थानिक प्राधिकरणाने आदेश दिलेले पाडकाम. या तिन्हींसाठी न्यायालयात जावे लागते आणि प्रत्येकाचे परिणाम वेगळे असतात. आपल्या नोटिशीत तीन पर्याय दिले असतील, तर तिला "पाडकामाचा आदेश" म्हणून पुढे करणाऱ्या मालकाला पहिलाच प्रश्न विचारला जाईल की मग आपण दुरुस्ती का केली नाही. त्याच कायद्याच्या कलम २३ प्रमाणे जागा राहण्यायोग्य स्थितीत ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे, आणि मालक ते करत नसेल तर किमान १५ दिवसांची नोटीस देऊन भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून तिचा खर्च कायद्याने घातलेल्या मर्यादेत भाड्यातून वळता करू शकतो. जुन्या पागडीच्या भाड्यात तो खर्च कधी भरून निघणार, हा भाग वेगळा.

भाडेकरूंच्या संशयावर माझा एकच उपाय आहे: त्यांना कागदात सामील करून घ्या. कलम २६४ ची नोटीस कब्जेदारालाही लागू असते, त्यामुळे जबाबदारी त्यांचीही आहे. टेके लावण्यासाठी किंवा भिंत उतरवण्यासाठी त्यांना तात्पुरते हलावे लागणार असेल, तर कोणत्या खोल्या, किती चौरस फूट, किती काळासाठी आणि परत येण्याची हमी हे सारे लिहून, मोजमापाच्या नकाशावर दोन्ही बाजूंच्या सह्या घेऊन मगच हलवा. अडून बसलेला भाडेकरू बहुतेक वेळा घराला नव्हे, परत न येता येण्याला घाबरलेला असतो.

सहमालकांबाबत. दुरुस्ती आवश्यक असेल तर एक सहमालक ती करून इतरांकडून त्यांच्या हिश्श्याचा खर्च मागू शकतो, पण त्याआधी सर्वांना लेखी कळवलेले बरे. परदेशातील भावाकडून तेथील भारतीय वकिलातीत साक्षांकित केलेले कुलमुखत्यारपत्र मागवून ठेवा. फ्लॅटधारकांपैकी ७५ टक्क्यांची संमती असली की पुनर्विकास करता येतो, असे कोणी सांगेल. ती २०१८ ची दुरुस्ती फ्लॅट मालकीच्या कायद्यातील आहे, वारसांच्या वाड्याला तिचा उपयोग नाही.

नोटिशीला उत्तर मात्र दिलेच पाहिजे. अभियंत्याचा अहवाल जोडून "आम्ही सुरक्षित करणे व दुरुस्ती करणे हा पर्याय स्वीकारला असून काम अमुक तारखेला सुरू करत आहोत" असे लिहा, आवक क्रमांक घ्या आणि प्रत जपून ठेवा. नोटीस मिळाल्यानंतर भिंत पडून कोणाचा जीव गेला, तर धोक्याची कल्पना नव्हती असे म्हणण्याची सोय राहत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूसाठी पाच वर्षांपर्यंत कैद आहे.

शेवटी एक खुलासा, कारण अलीकडे प्रत्येक अशिलाच्या तोंडी तो असतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाडकामापूर्वी १५ दिवसांच्या नोटिशीचे बंधन घातले खरे, पण तो विषय मुख्यतः गुन्ह्याच्या आरोपींची घरे शिक्षा म्हणून पाडण्याचा होता. उद्या भिंत कोसळणार असेल तरी १५ दिवस कोणी हात लावू नये, असा त्याचा अर्थ काढून स्वस्थ बसू नका.

प्रश्नकर्ती: दांडियाबझारची लेक

दोघांचेही मनापासून आभार. काकांना २०१४ च्या निकालाविषयी फोनवर सांगितले. त्यांनी बराच वेळ काही म्हटले नाही आणि मग "तरीही नवीनच बांधलेले बरे" असे म्हणाले. त्यांच्या बाजूनेही विचार करायला हवा, कारण दुरुस्तीचा खर्च मोठा आहे आणि पुढच्या पिढीतले कोणी येथे राहायला येईल असे वाटत नाही. भाडेकरूंशी रीतसर बोलून सर्व वारसांच्या संमतीने पाडून नवे बांधायचे ठरवले, तर परवानगीत काही अडचण येते का? आमचा वाडा तांबेकर वाड्यापासून अगदी जवळ आहे, लहानपणी आम्ही धावत जात असू.

उत्तर: चुना आणि साग

ताई, आपले शेवटचे वाक्य वाचून लिहायला बसले. मी वास्तुविशारद आहे आणि जुन्या घरांच्या जतनाचे काम करते. आपण हे आधी लिहिले असते तर वरची निम्मी चर्चा वेगळ्या दिशेने गेली असती.

तांबेकर वाडा हा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात बडोद्याचे दिवाण असलेल्या भाऊ तांबेकरांचा वाडा. आत भिंतींवर रामायण-महाभारतातील प्रसंगांपासून इंग्रज-मराठा युद्धापर्यंतची चित्रे आहेत, आणि तो भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. प्राचीन स्मारकांच्या १९५८ च्या कायद्यात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार अशा संरक्षित क्षेत्राच्या सीमेपासून सर्व दिशांना १०० मीटरपर्यंत प्रतिबंधित क्षेत्र आणि त्यापुढे आणखी २०० मीटरपर्यंत नियमित क्षेत्र असते. नियमित क्षेत्रात परवानगी घेऊन नवे बांधकाम किंवा पुनर्बांधणी करता येते. प्रतिबंधित क्षेत्रात तसे नाही. तेथे १६ जून १९९२ पूर्वीपासून असलेल्या घराला सक्षम प्राधिकाऱ्याकडून दुरुस्ती व नूतनीकरणाची परवानगी मागता येते, मात्र पाडून पुन्हा बांधण्याची तरतूद नाही.

याचा अर्थ असा की आपला वाडा १०० मीटरच्या आत असेल आणि काकांच्या इच्छेप्रमाणे तो पाडला गेला, तर हाती उरेल ती मोकळी जागा, जिच्यावर बांधता येणार नाही आणि जिच्यावर दोन भाडेकरूंचा दावा कायम असेल. बिल्डर हे तपासल्याशिवाय पैसे काढत नाही. काकांनाही त्याआधी तपासता येईल. अंतर पावलांनी किंवा मोबाइलच्या नकाशावर ठरवू नका. सिटी सर्व्हेचा नकाशा आणि प्रॉपर्टी कार्ड घेऊन अधिकृत मोजणी करून घ्या, कारण अंतर संरक्षित क्षेत्राच्या सीमेपासून धरतात, तांबेकर वाड्याच्या दारापासून नव्हे.

एक विरोधाभास मात्र लक्षात ठेवा. पालिकेची नोटीस लवकर दुरुस्ती करा म्हणते आणि स्मारकाचा कायदा परवानगीशिवाय दुरुस्ती करू नका म्हणतो. व्यवहारात यातून वाट अशी निघते की टेके लावणे, भार कमी करणे, पाण्याचा निचरा सुधारणे ही सुरक्षित करण्याची कामे ताबडतोब करायची आणि तसे दोन्ही कार्यालयांना लेखी कळवायचे; भिंत उतरवून पुन्हा रचणे आणि तुळया बदलणे यासाठी अर्ज करून थांबायचे. अर्जासोबत आजच्या स्थितीची छायाचित्रे आणि प्रत्येक मजल्याची मोजमापे द्या, म्हणजे दुरुस्तीच्या नावाखाली उंची वाढवली असा आक्षेप पुढे येणार नाही. फुगलेली भिंत पूर्ण न पाडता टप्प्याटप्प्याने, तीन-चार फुटांचा एक भाग उतरवून चुन्यात पुन्हा रचत जाता येते. असे काम करणारे गवंडी थोडे आहेत, पण आहेत.

उत्तर: रावपुऱ्याच्या वहिनी

शेजारच्या बंद घराविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून मी लिहिते. आमच्या भिंतीला लागूनही असेच एक घर होते.

माझा पहिला अर्ज मीच चुकीचा लिहिला होता. एकाच पानावर पडणारी भिंत, डास, पिंपळ, कचरा आणि पारवे असे सगळे ओतले. असा अर्ज वाचणाऱ्याला त्यात आपले काम कोणते हे कळत नाही. दुसऱ्या वेळी तीन वेगळे अर्ज केले. धोकादायक बांधकामाचा निर्भयता शाखेकडे, साचलेल्या पाण्याचा आणि डासांचा आरोग्य खात्याकडे, कचऱ्याचा वॉर्ड ऑफिसकडे, आणि प्रत्येकात घराचा मालमत्ता कराचा क्रमांक घातला. बंद घराचा मालक कोण, हे शोधण्याचा तोच सोपा रस्ता आहे. तो नाही मिळाला तर प्रॉपर्टी कार्ड काढावे.

आरोग्याच्या अर्जात "घाण आहे" असे लिहून भागत नाही. पाणी कोठे साचते, किती दिवस टिकते आणि त्यात अळ्या दिसतात का, हे लिहावे. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत साधारण आठ-दहा दिवस पुरतात, त्यामुळे पाणी आठवडाभर टिकते हे छायाचित्रांवरील तारखांनी दाखवले की अर्जाला वजन येते. घर राहण्यास योग्य आहे की नाही हे पाहताना ओल, उजेड, हवा, पाणी, निचरा, शौचालय या गोष्टी लक्षात घेतात, पण रिकाम्या घराबाबत अडचण अशी की तेथे राहणारेच कोणी नसते. म्हणून तक्रारीत आपल्या घरावर होणारा परिणाम लिहावा: सामाईक भिंतीत उतरणारी ओल, स्वयंपाकघरापर्यंत येणारे उंदीर.

दुसरा मार्ग दंडाधिकाऱ्यांचा आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ प्रमाणे, म्हणजे पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ प्रमाणे, पडण्याच्या स्थितीतील इमारत किंवा झाड आणि सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा सशर्त आदेश कार्यकारी दंडाधिकारी देऊ शकतात. याच कलमावर रतलामच्या एका वस्तीतील रहिवाशांनी उघड्या गटारांविरुद्ध आपल्या नगरपालिकेला सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेले होते, आणि पैसे नाहीत ही सबब स्वच्छतेच्या कर्तव्यातून सुटका करत नाही, असे न्यायालयाने १९८० मध्ये सांगितले. रतलाम काही आपल्यापासून फार लांब नाही, बडोद्याहून दिल्लीच्या गाडीत बसले की वाटेतच लागते.

पिंपळाचा विषय ओळंबाकाकांवर सोपवते. आम्ही तो दोनदा वरून छाटला आणि दोन्ही वेळा तो अधिक जोमाने फुटला.

उत्तर: ओळंबा

वहिनी, वरून छाटल्याने तो मरत नाहीच. मूळ सांध्यात शिरलेले असते, म्हणून तेथील विटा सोडवून मुळासकट काढावा लागतो आणि पोकळी लगेच चुन्याने भरावी लागते. मूळ जाड असेल तर ते उपटू नये, कारण कधी कधी तेच भिंतीला धरून उभे असते.

ताई, यावरून आपल्यासाठी एक महत्त्वाची गोष्ट. शेजारच्या घराविरुद्ध अर्ज करताना "ते घर पाडावे" अशी मागणी करू नका. मधली भिंत सामाईक आहे; पलीकडचे मजले घाईने उतरवले तर तिचा त्या बाजूचा आधार जातो आणि मग आपलीच भिंत तिकडे झुकते. "सामाईक भिंतीला आडवे टेके देऊन, आमच्या अभियंत्यास आधी कळवून धोकादायक भाग उतरवावा" असे शब्द लिहा.

प्रश्नकर्ती: दांडियाबझारची लेक

वाड्यावर आल्यावर आधी टाकी रिकामी करून खाली उतरवली. आई पुढच्या खोलीत झोपायला तयार झाली, मात्र देवघर मागेच राहील अशी तिची अट आहे, म्हणून त्या खोलीत पहिला टेकू लावून घेत आहोत. दुकानाचे गृहस्थ मोजमापाच्या नकाशावर सही करायला राजी आहेत. मागच्या कुटुंबाने दोन दिवस मागितले आहेत. सिटी सर्व्हेच्या मोजणीसाठी अर्ज केला असून, अंतर कळेपर्यंत पाडण्याचा विषय काढायचा नाही, हे काकांनी मान्य केले आहे. भेगेवर काचेच्या तीन पट्ट्या बसवल्या. त्यांपैकी वरची सकाळी तडकलेली दिसली, म्हणून अभियंत्यांना सोमवारऐवजी उद्याच बोलावले आहे.